उन्हातली धाव आणि उसाचा खोडवा
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



दर उन्हाळ्यात या पानावर आम्ही खोडव्याची जोपासना, पाचटाचे आच्छादन, हुमणीचा बंदोबस्त असे काहीबाही लिहीत असतो. या खेपेला विषय थोडा निराळा आहे. वाचून कुणी म्हणेल, साहेबांचे डोके उन्हाने फिरले. म्हणू द्या. लेख उन्हाबद्दलच आहे, आणि त्यातली चूकही आमचीच आहे. ती आपल्यापैकी कुणी पुन्हा करू नये, एवढ्यासाठी हा लिहिण्याचा खटाटोप.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या भागात धावण्याच्या शर्यतींचे पेव फुटले आहे. पूर्वी यात्रेत कुस्त्या आणि बैलगाड्या असत, आता त्यांच्या जोडीला 'मॅरेथॉन' आली. खरे पाहता मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर, पण आपल्याकडे पाच किलोमीटरलाही मॅरेथॉनच म्हणतात. असो. या शर्यतींत पोरे धावतात त्यात नवल नाही. पन्नाशी-साठीची माणसेही उतरू लागली, हे नवल. त्याचे मोठे श्रेय आम्ही बारामतीजवळच्या पिंपळी गावच्या लता भगवान करे यांना देतो. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या, शेतमजुरी करणाऱ्या या बाईंनी साठी ओलांडल्यावर, २०१३ साली, बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावून ज्येष्ठांच्या गटात पहिला नंबर मिळवला. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, बक्षीस पाच हजारांचे होते. पुढे २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्याचा खास उल्लेखही झाला. ही हकीकत गावोगाव पोचली आणि 'त्या बाई धावतात तर आपल्याला काय धाड भरलीय?' असे म्हणत कैक आजोबांनी बूट विकत आणले.

त्यातलेच एक आपले ज्येष्ठ सभासद. नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून त्यांना नुसते आबा म्हणतो. वय २०२४ साली ६२. चार एकर ऊस. गडी काटक, पोट सपाट, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. पहाटे पाचला कॅनॉलच्या भरावावर आम्ही पाच-सहा जण पळतो, त्यात आबा सगळ्यांत थोरले आणि सगळ्यांत हौशी. आम्ही तेव्हा ४६ चे. कृषी पदविका असल्याने कोणत्याही गोष्टीचे वेळापत्रक आखायची आम्हांला सवय. लावणीचे आखतो, तोडणीचे आखतो, तसे आबांच्या सरावाचेही आखून दिले. घोडे पेंड खाल्ले ते इथेच.

चार रविवार, चार शर्यती

२०२३-२४ चा गळीत हंगाम संपला आणि आम्ही मोकळे झालो. शर्यतींचाही तोच हंगाम. सुगी झालेली, यात्रा-जत्रा, जयंत्या, महाराष्ट्र दिन, सगळे एप्रिल-मेच्या काहिलीत. आबांच्या नावाने आम्ही कागदावर लिहिले: ७ एप्रिलला २१ किलोमीटर, १४ एप्रिलला जयंतीची ५ किलोमीटर, २१ एप्रिलला यात्रेची १० किलोमीटर आणि २८ एप्रिलला वसईत १० किलोमीटर. वसईची अशासाठी की आबांचा मुलगा नालासोपाऱ्यात राहतो, नातवाचे जावळ होते. आमचे मेव्हणे विरारला. जाणे होणारच होते, तर एक शर्यतही होऊन जाईल, असा दोघांचा हिशोब.

वर आणखी शहाणपणा केला. मधल्या बुधवारी जोरात पळायचे आणि शुक्रवारी टेकडी चढायची. 'सरावात खंड नको' हे आमचे वाक्य. आबांनी ते तंतोतंत पाळले. पहिल्या तीन शर्यतींत एक ढाल आणि एक प्रशस्तिपत्र मिळाले, त्यामुळे कुणाला शंका येण्याचे कारणच उरले नाही. आता मागे वळून पाहता खुणा होत्या. आबांना रात्री झोप लागत नव्हती. भाकरी अर्धी राहत होती. तिसऱ्या शर्यतीनंतर ते म्हणाले होते, "साहेब, पाय शिशाचे झाल्यागत वाटतात." आम्ही म्हणालो, "आबा, सवयीने हलके होतील." उसाचे पान पिवळे पडले तर आम्ही गाडी थांबवून बांधावर उतरतो. माणसाचे पान पिवळे पडले ते दिसले नाही.

वसईची वाट

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघालो, शनिवारी सकाळी नालासोपाऱ्यात. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. त्या आठवड्यात मुंबई-ठाणे-रायगड पट्ट्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा होता. आबा हसून म्हणाले, "आपल्याकडं चाळीस-एक्केचाळीस सोसतो, हितलं पस्तीस काय करतंय?" शिवाय त्यांच्याकडे एक हुकमाचा एक्का होता. शिवनाथसिंगने २ तास १२ मिनिटांचा मॅरेथॉनचा भारतीय विक्रम जालंधरला केला, तो २८ मे १९७८ रोजी. म्हणजे ऐन मेमध्येच की! तो विक्रम पुढे चाळीस वर्षांहून अधिक टिकला हेही खरे. पण शिवनाथसिंग तिशीतला फौजी होता आणि धावणे हेच त्याचे काम होते, ही गोष्ट आमच्यापैकी कुणी बोलले नाही.

वसईचा पश्चिम भाग ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, दुतर्फा केळी, नारळ, फुलझाडे, मध्येच पांढरेशुभ्र चर्च, आणि वाडीवाडीत खोदलेली गोड्या पाण्याची तळी, ज्यांना तिथले लोक बावखल म्हणतात. आपल्या वाचकांना गंमत वाटेल, पण ही एके काळी उसाची भूमी होती. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात वसईच्या बागायती उसाची नोंद सापडते. आता ऊस गेला. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती सुकेळी मात्र अजून मिळतात. आबांनी शर्यतीसाठी म्हणून ती खिशात भरून घेतली होती.

शर्यत एका स्थानिक मंडळाची. सहाची वेळ सांगितली होती. पाहुण्यांची वाट पाहणे, सत्कार, भाषण हे सगळे होता होता पावणेआठला शिट्टी वाजली. तोवर आमचे अंगावरचे कपडे उभ्या उभ्या भिजले होते. निघालो. आम्ही पुढे, आबा मागे. रस्ता जाऊन-येऊन असल्याने परतताना आबा समोरून यायला हवे होते. आले ते रस्त्याच्या भलत्याच अंगाने, झोकांड्या देत. आम्ही हाक मारली. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "पाण्याची पाळी कुणाची आहे?"

"आबा, आपण वसईत आहोत."

"दारं मोडायला सांगा. आज पाळी आपली आहे."

आणि खाली बसले. बसले म्हणजे पायच गेले. आमच्या पोटात गोळा आला. बाटली काढून त्यांच्या तोंडाला लावू लागलो, तोच शेजारच्या वाडीतून एक बाई धावत आल्या. म्हणाल्या, "अहो, पाजू नका, ओता! शुद्धीवर नाही माणूस, ठसका लागेल." त्यांनी आम्हांला आबांना उचलून केळीच्या सावलीत निजवायला लावले, बूट-बनियन काढायला लावले आणि मोटरची नळी सरळ अंगावर सोडली. डोक्यावर, मानेवर, काखांत, जांघेत. त्यांच्या मुलाने सुपाने वारा घातला. फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून आणला. दहा-पंधरा मिनिटांनी आबांनी डोळे नीट उघडले, आम्हांला ओळखले आणि विचारले, "माझी सुकेळी कुठायत?" त्या बाईंना हसू आले, आम्हांला रडू.

दवाखान्यात पोचेपर्यंत ताप १०२ वर उतरला होता. आधी किती होता ते कुणी मोजलेच नव्हते. दोन रात्री ठेवून घेतले, मूत्रपिंडाची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, रस्त्यातच गार केले म्हणून निभावले. नाहीतर गाडी शोधण्यात अर्धा तास गेला असता, त्याची किंमत मोठी असती. मग त्यांनी आबांच्या गोळ्यांची पुडी पाहिली. रक्तदाबाच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी गोळी होती. आम्ही वेळापत्रक आखले, पण आबा कोणती गोळी घेतात हे एकदाही विचारले नव्हते.

माठातले पाणी गार का होते?

त्या दोन रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून, आणि नंतर परत आल्यावर डॉक्टर मंडळींना विचारून, जे समजून घेतले ते आपल्या भाषेत मांडतो.

माठातले पाणी गार होते, कारण माठ पाझरतो आणि ते पाझरलेले पाणी वाऱ्याने उडून जाताना उष्णता घेऊन जाते. पावसाळ्यात हाच माठ, हेच पाणी, पण गार होत नाही. हवेतच ओल असल्याने पाझर वाळत नाही. माणसाचे शरीर म्हणजे असाच माठ. आपल्याकडे चाळीस अंशात घाम येतो आणि वाळतो. वसईला चौतीस-पस्तीस अंशात घाम नुसता निथळतो, वाळत नाही. निथळलेला घाम शरीर गार करीत नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. म्हणून किनाऱ्यावरचे पस्तीस आपल्याकडच्या चाळिशीहून वाईट ठरू शकते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला भर दुपारच्या कार्यक्रमात उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला. ती माणसे धावत नव्हती, उघड्यावर बसली होती. ही घटना कुणीच विसरू नये.

धावणाऱ्याची गत आणखी बिकट. त्याच्या स्नायूंत भट्टी पेटलेली असते. २०१९ साली दोहा येथे जागतिक स्पर्धेतली स्त्रियांची मॅरेथॉन उष्म्यामुळे मध्यरात्री घेतली, तरी ६८ पैकी २८ जणींनी वाटेतच शर्यत सोडली. जगातल्या निवडक, कोवळ्या वयाच्या, कसलेल्या धावपटू त्या. तिथे आपली काय कथा?

वयाचा भाग निराळा. वय वाढले की तहान उशिरा लागते. अंगात पाणी कमी झालेले असते, पण जीभ सांगत नाही. घाम कमी आणि उशिरा येतो. कातडीकडे रक्त पाठवायचे आणि पायांकडेही पाठवायचे, अशा दोन पाळ्या हृदयाला एकाच पाटातून काढाव्या लागतात आणि पाट जुना झालेला असतो. त्यात रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे. म्हणून साठीच्या माणसाने 'मला काही होत नाही' हे वाक्य उन्हाळ्यापुरते तरी विसरावे.

मैलाला एक दिवस

आता मुख्य मुद्दा. ऊन एकटे दोषी नव्हते. त्या दिवशी आबा पहिल्या शर्यतीचे कर्ज घेऊनच चौथ्या शर्यतीत उतरले होते. सोसायटीचे पीककर्ज कसे, मार्चअखेर नवे-जुने करून खाते पुढे ढकलायचे. कागदावर नियमित दिसते, प्रत्यक्षात डोक्यावर बोजा तेवढाच. आबांच्या पायांचे तसेच झाले होते.

न्यूझीलंडमध्ये जॅक फॉस्टर नावाचा धावपटू होऊन गेला. धावायला लागला तोच बत्तिसाव्या वर्षी. १९७४ साली ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या ४१ व्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ११ मिनिटे १९ सेकंदांत धावून त्याने रौप्यपदक घेतले. त्याचा एक साधा नियम धावणाऱ्यांत अजून सांगितला जातो. शर्यत जितके मैल, तितके दिवस पुन्हा जोरात पळायचे नाही. ५ किलोमीटर म्हणजे सुमारे ३ दिवस, १० किलोमीटरला ६ दिवस, २१ ला १३ दिवस, पुऱ्या मॅरेथॉनला २६ दिवस. या दिवसांत नुसते पडून राहायचे असे नाही. चालावे, हळू पळावे, पण जोर करायचा नाही. हा नियम काही शास्त्राचा सिद्धांत नव्हे, एका अनुभवी माणसाचा ठोकताळा आहे, आणि तो चाळिशीतल्या माणसाचा. साठीला त्यात भर घालावी, उन्हाळ्यात आणखी भर घालावी.

आता आबांचा हिशोब मांडा. ७ एप्रिलच्या २१ किलोमीटरची फेड २० एप्रिलपर्यंत चालायला हवी होती. आम्ही मध्ये एक शर्यत, दोन बुधवार आणि दोन शुक्रवार घातले. फेड झालीच नाही.

दुसरे उदाहरण कॅनडातल्या एड व्हिटलॉक यांचे. २००४ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, टोरांटोची मॅरेथॉन त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. ते गावच्या दफनभूमीत रोज दोन-तीन तास अगदी संथ पळत. शर्यती पुष्कळ करीत, पण वेगाचा निराळा सराव जवळजवळ करीतच नसत. शर्यत हाच त्यांचा वेगाचा सराव. यातले मर्म ध्यानात घ्या. शर्यती वारंवार करायच्या असतील तर सरावातला जोर काढून टाकला पाहिजे. सराव जोरदार करायचा असेल तर शर्यती मोजक्या कराव्यात. दोन्ही एकाच हंगामात, तेही वयात आणि उन्हात, जमत नाही.

हे आम्हांला ठाऊक नव्हते काय? ठाऊक होते, फक्त उसाच्या बाबतीत. शर्यत म्हणजे तोडणी. सराव म्हणजे मशागत. एका लावणीवर खोडवे किती घ्यावेत, हे आम्ही तुम्हांला सभांतून घसा कोरडा करून सांगतो. खोडवा घ्यायचा तर आधी बुडखे छाटा, पाचट पसरा, खत द्या, पाणी द्या, मग अपेक्षा करा. जमिनीला काही न देता खोडव्यावर खोडवा घेत गेले की टनेज घसरते आणि एक दिवस नांगर घालावा लागतो. आम्ही आबांचे एका महिन्यात चार खोडवे घेतले. चौथ्याला पाणीही नव्हते.

नवे वेळापत्रक

आबांनी धावणे सोडले नाही. डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती दिली, सगळ्या तपासण्या केल्या, गोळ्या बदलल्या आणि मगच परवानगी दिली. त्यानंतर जे वेळापत्रक केले ते आम्ही एकट्याने केले नाही. डॉक्टरांना दाखवले, आबांच्या घरच्या काकूंनाही दाखवले. ते थोडक्यात असे:

१. उन्हाळ्यात शर्यत महिन्याला एक, ती १० किलोमीटरपर्यंतच. २१ किलोमीटरची शर्यत थंडीत.

२. आठवड्यात चार दिवस पळणे. अंतर नाही, मिनिटे मोजायची. बरोबरच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले तर वेग बरोबर. दम लागून शब्द तुटू लागले की हळू व्हायचे.

३. दिवस उगवायच्या आत घरी. उशीर झाला तर त्या दिवशी पळणे नाही, चालणे.

४. उन्हाची सवय एकदम होत नाही. १० ते १४ दिवस थोडे थोडे वाढवत गेले तर शरीर घाम लवकर आणि भरपूर काढायला शिकते. मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला की ही सवय बरीचशी मोडते. परगावी, विशेषतः किनाऱ्यावर गेल्यावर पहिल्याच दिवशी जोर करणे म्हणजे कालच्या रोपाला भर दुपारच्या उन्हात उभे करणे.

५. पळण्याआधी व नंतर वजन करायचे. एक किलो घटले म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेले. साठ किलोच्या माणसाचे सव्वा किलोहून जास्त घटू नये. काटा घरचाच असल्याने या वजनाबद्दल कुणाची तक्रार येणार नाही!

६. लघवी गडद पिवळी असेल, रात्री झोप नसेल, सकाळी उठल्यावर नाडी नेहमीपेक्षा जलद असेल, तर सुट्टी. अंगदुखीची गोळी घेऊन उन्हात पळायचे नाही. त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो.

७. फार घाम गेला असेल तर नुसते पाणी ढोसायचे नाही, त्यानेही रक्तातले मीठ पातळ होऊन माणूस आडवा होतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मधुमेह वा रक्तदाब असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. साखर कोणत्या कारखान्याची, हे आम्ही सांगायला नको.

८. शर्यत ठरल्या वेळेपेक्षा तासभर लांबली तर क्रमांकाचा कागद परत द्यायचा आणि घरी यायचे. ही अट आबांनी स्वतः घातली.

या वेळापत्रकावर डिसेंबर २०२४ मध्ये आबा विरारच्या मॅरेथॉनला गेले. वसई-विरार महानगरपालिका ही महापौर मॅरेथॉन २०११ पासून, मधला खंड सोडला तर, भरवीत आली आहे, आणि ती हिवाळ्यात असते हा तिचा मोठा गुण. आबा २१ किलोमीटर धावले. वेळ लागला २ तास ५१ मिनिटे. बक्षीस नाही, नंबर नाही. परतताना त्या वाडीवर गेले. आपल्याकडची गुळाची ढेप आणि साखरेची पिशवी त्या बाईंना दिली. त्यांनी उलट सुकेळ्यांचा पुडा दिला. दोघांमध्ये घेणे कुणाचे आणि देणे कुणाचे, याचा हिशोब आम्हांला लागला नाही.

रानात राबणाऱ्यांसाठी

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काही शर्यतीला जात नाही, आम्हांला हे कशाला? बंधू-भगिनींनो, मे महिन्यात खोडव्याची बांधणी करणारा, पाचट पसरणारा, पंपाच्या डब्याखाली भर उन्हात वाकून बसणारा माणूस धावत नसला तरी त्याचे शरीर तेच काम करते. हंगामाच्या शेवटी एप्रिलच्या उन्हात मोळ्या वाहणारे तोडणी मजूर तर रोजच शर्यत धावतात, आणि त्यांना मैलाला एक दिवस विश्रांती कुणी देत नाही. म्हणून चार गोष्टी घरातल्या भिंतीवर लावून ठेवा.

सकाळी अकरा ते चार जड काम बंद ठेवा. रानात सावली आणि पिण्याच्या पाण्याचा माठ असल्याशिवाय माणसे लावू नका. नवीन आलेल्या मजुराला पहिला आठवडा हलके काम द्या. आणि चौथी सगळ्यांत महत्त्वाची. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, विनाकारण चिडू लागला, तर 'पिऊन आलाय' असे म्हणू नका. अंगाला घाम असला तरी तो उष्माघात असू शकतो. सावलीत निजवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पाजू नका, ओता. वसईच्या त्या माउलीचे हे वाक्य आम्ही कार्यालयातल्या फळ्यावर लिहून ठेवले आहे.

शेवटची गोष्ट सांगतो आणि थांबतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये यात्रेची शर्यत पुन्हा आली. नाव नोंदवणाऱ्या पोरांनी आबांना हौसेने आवाज दिला. महिन्याची शर्यत आबांनी आधीच केली होती. ते म्हणाले, "आमची तोडणी झालीय. आता फुटवा येऊ द्या." आणि टेबलापाशी उभे राहून साखर-मिठाच्या पाण्याचे पेले भरू लागले. धावणारी पोरे येत होती, पेला उचलत होती. आबा प्रत्येकाच्या तोंडाकडे निरखून बघत होते आणि एकच प्रश्न विचारत होते, "काय रे, तुझं नाव काय? आज वार कुठला?"

ज्याला वार सांगता आला, त्याला पुढे सोडत होते.